डब्यावरची डॉक्टर

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेत पालकांसाठी व्याख्यान ठेवलं होतं. विषय होता, मुलांचा आत्मसन्मान कसा वाढवावा. नांदेडचं ऊन, वर पत्रे, नुसता आवाज करणारे पंखे, आणि समोर बाहेरगावाहून आलेल्या एक हसतमुख बाई. भिंतीवरच्या तक्त्यावर काठी ठेवून त्या म्हणाल्या, "आपल्या मुलाला रोज तीन वेळा सांगा, की तू खास आहेस." माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवणाआधी की जेवणानंतर?" मी स्वतः शाळेत भूगोल शिकवते. मागच्या बाकावरून असे शेरे मारणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करते. त्या दिवशी मला कुणी उभं केलं नाही, एवढंच. घरी येताना स्कूटीवर मागं बसलेली माझी नववीतली मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "आई, तू मला असलं काही म्हणणार नाहीस ना?"

"नाही गं बाई," मी म्हटलं आणि रस्ताभर एकटीच हसत राहिले. कारण खास असण्याचा मला चांगला दीड वर्षांचा अनुभव आहे. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला ते दिवसातून तीन वेळा सांगितलं नाही. एकदाच सांगितलं, पण ऑइलपेंटनं.

आमचं गाव औसा आणि निलंगा यांच्या मधे, डांबरी सडक सोडून थोडं आत. अण्णा गावातल्याच प्राथमिक शाळेत गुरुजी होते. घरची थोडी जमीन होती, ती आई बघायची. अण्णांचं अक्षर असं की छापल्यासारखं म्हणावं. शाळेच्या भिंतीवरचे पाढे, सुविचार, जिल्ह्याचा नकाशा, सगळं त्यांच्या हातचं. सबंध गावात ब्रश आणि लाल ऑइलपेंट फक्त अण्णांकडं असायचा, त्यामुळं ग्रामपंचायतीच्या पाटीपासून पिठाच्या गिरणीच्या वेळापत्रकापर्यंत सगळ्या गावाला अण्णांचं वळण होतं. रंग उरला की त्यांना चैन पडायचं नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवरसुद्धा त्यांनी एक सुविचार लिहिला होता. तो वाचायला तिकडं फक्त आई जायची आणि कधीमधी एखादी धामण.

दहावीला मला मार्क बरे पडले. गावाच्या मानानं तर फारच बरे. आणि त्या वर्षांत आमच्याकडं बरे मार्क पडलेलं पोर घरात ठेवायची पद्धतच नव्हती. त्याला उचलायचं आणि लातूरला नेऊन ठेवायचं. कॉलेजात नाव घालायचं, सकाळ-संध्याकाळ क्लास लावायचे, चार पोरींत एक खोली करून द्यायची. लातूर तेव्हा डाळ आणि तेलबियांइतकंच मार्कांसाठीही नावाजायला लागलं होतं. दर गल्लीला क्लास, दर क्लासच्या बाहेर मागच्या वर्षी 'नंबर लागलेल्या' पोरांचे फोटो. नंबर लागणे म्हणजे डॉक्टरकीला नंबर लागणे. दुसरे कुठलेही नंबर तिकडं मोजत नसत.

जेवणाची सोय मात्र एसटीची होती. ज्याचं गाव तास-दीड तासावर, त्याचा डबा घरून यायचा. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात येऊन थांबायची आणि सकाळी सातला लातूरकडं निघायची. निघायच्या आधी आया, बहिणी, कुणाचे आजोबा डबे घेऊन गाडीपाशी उभे. कंडक्टर ते गोळा करायचा, आणि साडेआठच्या सुमाराला लातूरच्या स्टँडवर पोरं आपापला डबा उचलून न्यायची. रिकामे डबे संध्याकाळच्या गाडीनं परत. कुणाच्या डब्यावर दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, कुणाचा भांड्यांच्या दुकानातल्या मशीननं नाव कोरलेला.

आमच्या अण्णांना असली बारीक कोरीव अक्षरं कशी चालतील? मी लातूरला जायच्या आदल्या दिवशी ते अंगणात पाट टाकून बसले, नवा स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा फडक्यानं पुसला आणि त्यावर लालभडक, ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'डॉक्टर', आणि त्याखाली आमचं आडनाव.

मी सोळा वर्षांची होते. अकरावीचं पुस्तकसुद्धा अजून उघडलं नव्हतं.

आई म्हणाली, "आवो, अजून व्हायची हाय ती."

अण्णा म्हणाले, "रोज वाचंल तवाच व्हईल."

आता हे डॉक्टर प्रकरण कुठून आलं, ते सांगायला हवं. ते भूकंपातून आलं. भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होते. पहाटेचा तो धक्का, त्यानंतरचे दिवस, यावर मी जास्त बोलत नाही. भूगोलात भूकंपाचा धडा येतो तेव्हा पोरं विचारतात, बाई, तुम्ही होता ना तिकडं? मी त्यांना खडकांचे थर काढून दाखवते आणि पुढं जाते. आमच्या घराच्या दोन भिंती बसल्या, पण आम्ही तिघंही वाचलो. गावात सगळ्यांचं असं नव्हतं. उजाडल्यावर अण्णांनी शाळेच्या पडक्या खोलीतून हजेरीपुस्तक शोधून काढलं आणि पटांगणात उभं राहून पोरांची नावं घ्यायला सुरुवात केली. कोण आहे आणि कोण नाही, हे कळायचा त्यांना ठाऊक असलेला तो एकच मार्ग होता. मी माझ्या नावाला 'हजर' म्हटलं. काही नावांना कुणी काही म्हटलं नाही. अण्णा ती नावं दोनदा घ्यायचे, मग पुढं जायचे.

दोन-तीन दिवसांनी गावात डॉक्टरांचा तंबू लागला. त्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, सलवार-कमीजमधल्या, भराभर चालणाऱ्या. त्या जखमा शिवायच्या. सलाईन लावायला स्टँड नव्हता, म्हणून त्यांनी समोर दिसलेल्या पोरीच्या, म्हणजे माझ्या, हातात बाटली दिली आणि सांगितलं, "अशीच वर धर." मी धरली. एका म्हाताऱ्या बाबांच्या उशाशी तासभर, हात बदलत बदलत. शेवटी बाई अण्णांना सहज म्हणून गेल्या, "गुरुजी, पोरगी धीराची आहे. हिला डॉक्टर करा."

बाईंनी त्या दिवशी अशी कितीतरी वाक्यं कितीतरी लोकांना म्हटली असतील. अण्णांनी हे एक उचललं आणि आठ वर्षं जपून ठेवलं. मी तिथं तासभर का उभी राहिले, याचं खरं कारण मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. तंबूत मदत करणाऱ्या पोरांना ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा मिळत होता.

लातूरच्या स्टँडवर पहिल्याच दिवशी गाडीच्या दारातून कंडक्टरनं हाळी दिली, "डॉक्टर! डॉक्टरांचा डबा!" शंभरेक पोरं तिथं उभी. सगळी इकडंतिकडं बघायला लागली की डॉक्टर कोण. मी पुढं झाले. दोन वेण्या, खांद्याला दप्तर, पायात स्लीपर. कंडक्टर पन्नाशीचा, मिशीवाला, फार अदबीचा माणूस. त्यानं दोन्ही हातांनी डबा दिला आणि म्हणाला, "घ्या डॉक्टरीणबाई. इंजिनावर ठिवलाय, गरम हाय."

हे नीट समजून घ्या. बाकीच्यांचे डबे मागच्या सीटखाली खडखडत यायचे, वरणाचं पाणी आणि भाकरीचा दगड होऊन. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर एकच डबा मावायची जागा होती आणि ती जागा माझी झाली. मी खोटं बोलणार नाही, गरम पिठलं आणि मऊ भाकरी खाताना मला ती पदवी जरा आवडायचीसुद्धा. आठ-दहा दिवस आवडली असेल. मग टेस्ट सुरू झाल्या.

क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट आणि सोमवारी दारातल्या फळ्यावर यादी, वरून खाली. मार्कांवर तुकडी ठरायची आणि तुकडीत बसायची जागाही. मी पहिल्या तुकडीत तिसऱ्या बाकावर होते. दिवाळीपर्यंत नवव्या बाकावर गेले. अकरावी संपताना तुकडीच बदलली. जीवशास्त्र मला यायचं, पाठ करायची सवय होती. फिजिक्स मात्र डोक्यावरून जायचं. आणि न कळलेलं विचारायची मला लाज वाटायची. कारण स्टँडवरची पोरं आता क्लासमध्येही मला डॉक्टरच म्हणत होती. "डॉक्टर, जरा आमची नाडी बघा." "डॉक्टर, सरांना चक्कर यायलीय तुमचा पेपर बघून." पोरांचं काही चुकत नव्हतं, मीही तेच केलं असतं. पण डॉक्टरनं हात वर करून, सर, घर्षण म्हणजे काय, असं कसं विचारायचं?

घरी गेले की अण्णा विचारायचे, "कसं चालू हाय?" मी म्हणायचे, "छान." आमच्या घरात एवढाच अहवाल जायचा. दर सुट्टीत ते डब्याची अक्षरं बघायचे आणि रंग कुठं उडाला असला तर ब्रश फिरवायचे. दीड वर्षात दोनदा नवा हात दिला त्यांनी. माझे मार्क उतरत होते आणि अक्षरं दर खेपेला ताजीतवानी. मला राग यायचा. अण्णांचा यायचा, डब्याचा यायचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा यायचा, कारण एवढा जीव लावणाऱ्या माणसाचा राग करायला मन धजत नव्हतं.

बारावीत, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, एके दुपारी मी खोलीवर बसून ब्लेडनं ती अक्षरं खरवडायला घेतली. अण्णांचा रंग तो. शाळेच्या भिंतीवर चार पावसाळे टिकायचा. अर्धा तास घासून डब्यावर नुसते ओरखडे उठले आणि अक्षरं त्या ओरखड्यांतून जास्तच लाल दिसायला लागली. संध्याकाळी डबा तसाच परत गेला. घरी ओरखडे दिसतील हे सुचलं तेव्हा गाडी सुटली होती. रात्रभर मी, आई काय म्हणेल, अण्णा काय म्हणतील, हेच घोकत पडले.

दुसऱ्या दिवशी डबा आला तो पिशवीत. आईच्या जुन्या इरकली लुगड्याची शिवलेली पिशवी, वर नाडी, डबा तळापासून कडीपर्यंत झाकलेला. आत धपाटे होते आणि शेंगांची चटणी. चिठ्ठी वगैरे काही नाही. आईनं त्या ओरखड्यांबद्दल तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. अण्णांनी पिशवी कशाला म्हणून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, "डबा गार व्हतो." इंजिनावर ठेवलेला डबा.

पण पिशवीनं काय होतं? नाव कंडक्टरच्या तोंडात बसलं होतं. तो आपला रोज "डॉक्टर!" म्हणून हाळी द्यायचाच. शेवटी मी स्टँडवर जायचंच सोडलं. खोलीतल्या एका मैत्रिणीच्या गावचा डबा त्याच गाडीनं यायचा, ती माझाही घेऊन यायची. बदल्यात मी तिच्या जर्नलमधल्या आकृत्या काढून द्यायचे.

जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, मैत्रीण गावी गेली आणि मला डबा आणायला जावं लागलं. तो सोमवार होता, आणि सकाळीच फळ्यावर माझ्या नावापुढं फिजिक्सला पन्नासपैकी आठ मार्क लागले होते. गाडी लागली. मी खांबाआड उभी होते, गर्दी पांगली की जाऊन गुपचूप डबा घ्यावा म्हणून. तेवढ्यात गाडीतून उतरलेली एक म्हातारी पायरीपासून चार पावलांवर मटकन खाली बसली आणि आडवी झाली. सोबतची सून रडायला लागली. माणसं गोळा झाली. आणि आमच्या कंडक्टरनं मान उंच करून चहूकडं पाहिलं. त्याला मी दिसले.

"सरका, सरका बाजूला!" तो ओरडला. "आमच्या डॉक्टर हायत हितं!"

गर्दी खरंच सरकली. मधून वाट झाली. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस दीड वर्ष माझी चेष्टा करत नव्हता. तो डब्यावरची अक्षरं वाचत होता आणि ती त्याला खरी वाटत होती. एवढ्या सुंदर अक्षरात गुरुजींनी लिहिलेलं, खोटं कसं असेल?

मी म्हातारीजवळ बसले. काय करायचं याची मला काडीइतकी कल्पना नव्हती. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात, एवढं मी छातीठोक सांगू शकले असते. "नाडी बघा, नाडी," मागून कुणीतरी म्हणालं. मी तिचं मनगट धरलं. माझंच काळीज इतकं धडधडत होतं की ही नाडी तिची की माझी, तेही कळेना. वीसपंचवीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. सूनबाईनं पदर तोंडाला लावून विचारलं, "बऱ्या हायत ना वो डॉक्टर?"

आणि मी फुटले. "मी डॉक्टर न्हाई!" मी ओरडले, असं की शेजारच्या फलाटावरच्या माणसांनी वळून बघितलं. "मी बारावीला हाय! मला फिजिक्सला पन्नासात आठ पडलेत! खऱ्या डॉक्टरला बोलवा कुणीतरी!"

त्या आवाजानं म्हातारीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "कोण वरडायलंय गं एवढं?"

एक ऑटोवाला ऑटो आणायला पळाला. मी म्हातारीला खांबाला टेकवून बसवलं. आता डॉक्टर नव्हते तर एकदम सुचायला लागलं. "आज्जी, सकाळधरनं काही खाल्लंय का?"

"न्हाई माय. काल सांजच्याला घासभर."

मी कंडक्टरच्या हातातून माझा डबा ओढून घेतला, पिशवी सोडली आणि भाकरी वरणात कुस्करून तिला घास दिले. चार घास पोटात गेल्यावर तिच्या तोंडावर जीव आला. तेव्हा सूनबाई दचकली. "अगं बाई! रगत तपासायचं हुतं उपाशीपोटी!" म्हणजे डॉक्टरांनी तिला मुद्दाम उपाशी यायला सांगितलं होतं आणि मी ते मोडून ठेवलं होतं. म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. उद्या यिऊ," आणि आणखी एक घास मागितला. ऑटो आला, दोघी दवाखान्यात गेल्या.

कंडक्टर तिथंच उभा होता, हातात तिकिटांची पेटी. "म्हंजे तुम्ही डॉक्टर न्हाई?"

"न्हाई."

"डॉक्टरकी शिकाया बी न्हाईत?"

"न्हाई वो काका."

"आन् मी दीड वरीस गरम जागा..." त्यानं वळून इंजिनाकडं पाहिलं. मग एकदम त्याचा चेहरा बदलला आणि त्यानं हळूच विचारलं, "गुरुजींस्नी ठाव हाय का हे? आठ मार्काचं?"

मी नाही म्हणून मान हलवली. तो गाडीत चढला. त्या संध्याकाळी त्याचा मुक्काम आमच्याच गावात होता.

दिवसभर मी खोलीवर बसून होते. क्लासला गेले नाही. कंडक्टर गावात पोचेल, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर हातपाय धुवून बसेल, अण्णा नेहमीसारखे त्याला चहा घेऊन जातील, आणि तो सांगेल. मला मार खायची भीती नव्हती, अण्णांनी कधी हात उगारला नाही. भीती वेगळीच होती. ज्या पोरीसाठी ते ब्रश घेऊन बसत होते, ती मी नव्हतेच. मग मी कोण, आणि मला ते डबा कशाला पाठवतील? ऐकायला वेड्यासारखं वाटेल, पण सतराव्या वर्षी मी खरंच असा विचार केला की उद्या डबा येणार नाही.

सकाळी आठलाच स्टँडवर जाऊन बसले. गाडी आली. मी इंजिनाकडं नजर टाकली, जागा रिकामी होती. मग मागच्या दारातून अण्णा उतरले. टोपी, पांढरा सदरा, पायजमा आणि हातात ती इरकली पिशवी. भूकंपानंतर शाळा उघडल्यापासून अण्णांनी कामाच्या दिवशी एकही रजा घेतली नव्हती. तापातसुद्धा ते कानटोपी घालून जायचे.

आम्ही बाकावर बसलो. त्यांनी पिशवी मधे ठेवली.

"आठ?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"त्येच्या आदी?"

"अकरा. त्येच्या आदी चौदा."

"चौदाला सांगायचं हुतंस की गं."

"कशी सांगू अण्णा?" मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "रोज तर तुम्ही लिवून पाठवायलात."

समोर एक गाडी मागं घेत होते, तिकडं अण्णा बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, रोज नजरंला पडलं की तुला हुरूप यील."

"हुरूप न्हाई येत. भ्या वाटतंय."

"त्या डॉक्टरीणबाई म्हनल्या हुत्या," ते म्हणाले. "तासभर बाटली धरून हुबी हुतीस तू."

"बिस्किटासाठी हुबी हुते अण्णा. पुडा मिळायचा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलेपर्यंत. हसता हसता टोपी काढली आणि डोळे पुसले. मला त्यातलं हसण्याचं पाणी किती आणि दुसरं किती, कळलं नाही. "त्या दिशी माझ्या हातात हजेरीपुस्तक हुतं," ते म्हणाले. "मी नुसती नावं घ्यायलो. आन् ती बाई सुईदोऱ्यानं मानसं जोडायली. मला लई वाटलं गं, आपल्या घरात एक तरी हात तसा पायजे. पर ते मला वाटलं. तुला इचारायचं ऱ्हाऊनच गेलं."

माझ्या मनातला सगळा राग त्या बाकावर कुठं गेला ते सांगता येत नाही. मला अण्णांची फार दया आली आणि फार प्रेम वाटलं, दोन्ही एकदमच.

त्यांनी पिशवीची नाडी सोडून डबा बाहेर काढला. ओरखडे त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. अंगठ्यानं चाचपले. "ब्लेडनं?"

"हाव."

"ब्लेडनं जात न्हाई हा रंग," अण्णा शाळेत सांगतात तसं म्हणाले. "राकेल लागतंय. चिंधी भिजवून पाच मिनिटं ठिवायची. आज गेलो की काढतो." आणि कडी उघडून एक कप्पा माझ्यापुढं सरकवला, एक स्वतःपुढं. "जेव."

आम्ही दोघांनी मेथीची भाजी आणि भाकरी खाल्ली. मी एका प्रश्नाची वाट बघत होते. मग आता काय करणार तू? लातूरच्या कुठल्याही बापानं पुढचा हाच प्रश्न विचारला असता. प्रत्येक घासाला वाटायचं, आता विचारतील. त्यांनी, खोलीवर पाणी येतं का, विचारलं. थंडीला चादर पुरते का, विचारलं. ते त्या प्रश्नाकडं गेलेच नाहीत. मी काही होणार की नाही, हे त्यांना त्या सकाळी माहीत नव्हतं, आणि तरीही ते भाजीतला मोठा वाटा माझ्याकडं सरकवत होते. व्याख्यानातल्या बाईंना मला हे सांगायचं होतं. पण त्यांच्या तक्त्यात ते कुठं बसवणार?

परतीच्या गाडीला अण्णा निघाले. कंडक्टर दारात उभा, काल आपण चहाडी केली म्हणून जरा ओशाळलेला. त्यानं विचारलं, "गुरुजी, मग उद्यापासून डबा कुणाचा म्हनून हाक मारू?"

अण्णा पायरीवर थांबले. "माझ्या लेकीचा म्हना," ते म्हणाले, आणि आत जाऊन बसले.

गाडी गेली. मी तशीच क्लासला गेले. फिजिक्सचा तास होता, दुसऱ्या तुकडीत दीडशे पोरं दाटीवाटीनं बसलेली. सरांनी फळाभर गणित सोडवलं, खडू ठेवला आणि नेहमीसारखं, उत्तराची वाट न बघता विचारलं, "कळलं?" मी हात वर केला. मागून कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर, काय झालं?" मी उभी राहिले. "सर, मला नाही कळलं. पहिल्या ओळीपासून नाही कळलं." सर वैतागले, घड्याळ बघितलं, मग फळा पुसला आणि पहिल्या ओळीपासून परत सांगायला लागले.